फोटो काढून घेणे

२०१८ सालच्या फेब्रुवारीत आम्ही पाच जणांनी मिळून पुण्यात फोटोंचं एक छोटं प्रदर्शन भरवलं. पाचही जण नोकऱ्या सांभाळून फोटो काढणारे. हॉलचं भाडं वर्गणी काढून भरलं, फ्रेमा ओळखीच्या दुकानातून उधारीवर आणल्या. माझ्या वाट्याला एक भिंत आली. तिच्यावर मी आईचे अकरा फोटो लावले.

आईला २०१५च्या पावसाळ्यात पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. अगदी पूर्ण गेली नाही, एक शब्द मागे राहिला : ‘नको’. डॉक्टर म्हणाले, याला वाचाघात म्हणतात. मेंदूतल्या भाषेच्या जागेला इजा झाली की काही रुग्णांकडे एखादाच शब्द उरतो आणि तोच ते सगळ्याला वापरतात. त्या शब्दाचा अर्थ दर वेळी तोच असेल असं धरून चालू नका. तसंच होतं. चहा हवा असला तरी आई ‘नको’ म्हणायची आणि कप पुढे ओढायची. भाचा आला की ‘नको, नको’ म्हणत त्याच्या गालावरून डावा हात फिरवायची. आम्ही हळूहळू तिचे वेगवेगळे ‘नको’ ओळखायला शिकलो. निदान शिकलो असं आम्हाला वाटायचं.

त्यानंतर ती दीड वर्ष होती. तेवढ्या काळात मी तिचे सातशेच्या वर फोटो काढले. कॅमेरा उचलला की ती ‘नको’ म्हणायची. मी म्हणायचे, “बरं, एकच.” आणि पाच-सहा काढायचे.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगलीहून मावशी आली. आईची धाकटी बहीण. भिंतीपुढे बराच वेळ उभी राहिली. फोटोंत आई गाऊनमध्ये होती, केस विंचरायच्या आधीची होती, तोंडाचा उजवा कोपरा ओघळलेला होता, एका फोटोत मानेखाली टॉवेल होता आणि त्याच्यावर पेजेचे डाग होते. “छान आलेत,” मावशी म्हणाली. मग बाहेर पायरीवर चपला घालता घालता तिनं विचारलं, “तिला विचारलं होतंस का गं?”

“अगं, विचारणार कसं? ती सगळ्यालाच नको म्हणायची.”

“हो ना,” मावशी म्हणाली. “पण यालाही म्हणायचीच ना?”

*

मावशीनं पुन्हा कधी हा विषय काढला नाही, पण माझ्या डोक्यातून तो जाईना. घरच्या माणसांवर कॅमेरा रोखणारी मी काही पहिली नव्हते. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं त्यांनी या प्रश्नाचं काय केलं असेल, हे शोधत मी वाचू-बघू लागले. पुढचं सगळं त्या शोधातून आलेलं आहे. पण त्याआधी आमच्या घरातल्या अल्बमबद्दल सांगायला हवं.

मराठीत आपण फोटो ‘काढतो’. विहिरीतून पाणी काढतो, गाईचं दूध काढतो, पायातला काटा काढतो, भांडणात उणीदुणी काढतो, तसाच फोटोही काढतो. हिंदीवाले फोटो खेचतात, इंग्रजीवाले घेतात. तिन्हीकडे ज्याचा फोटो, त्याच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही. पण मराठीत अजून एक प्रयोग आहे, तो आता कमी ऐकू येतो. माझी आजी म्हणायची, “वाडीला गेलो होतो तेव्हा आम्ही फोटो काढून घेतला.” यात काम करणारी आजी आहे. फोटोग्राफर तिच्या सांगण्यावरून बटण दाबणारा. नवी साडी नेसून, हातात घड्याळ घालून, स्टुडिओतल्या रंगवलेल्या कारंज्यापुढे कसं उभं राहायचं हे तिनं ठरवलेलं असायचं. फोटोग्राफरनं फार तर ‘मान थोडी वर, हलू नका’ एवढं म्हणायचं.

आमच्याकडे पुढे बाबांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री आला. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. त्या बारांत दिवाळी, वाढदिवस आणि एखादी सहल बसवायची. त्यामुळे फोटो काढायचा म्हणजे आधी जाहीर करावं लागायचं. बाबा “रेडी?” म्हणायचे आणि आई म्हणायची, “थांबा हो, पदर सारखा करते.” रोल महाग होता म्हणून बाबा थांबायचे; त्यात आईला विचारणं आपोआप होऊन जायचं. आख्ख्या अल्बममध्ये आईचा असा एक फोटो नाही, ज्यात ती तयार नाही.

अमेरिकेत १८८८ साली कोडॅकनं पहिला सोपा कॅमेरा विकायला काढला आणि घरोघरच्या माणसांच्या हातात यंत्र आलं. कौटुंबिक अल्बम ही चीज तिथून पसरली. या अल्बमचे नियम सगळीकडे साधारण सारखेच : बारसं दिसतं, भांडण दिसत नाही, लग्न दिसतं, दारू दिसत नाही, आजारी माणूस बरा झाल्यावरच दिसतो. गेल्या चाळीसेक वर्षांत काही फोटोग्राफरांनी हे नियम मोडायचं ठरवलं आणि तेही स्वतःच्याच घरात. अल्बमनं लपवलेलं दाखवायचं, ही त्यांची प्रतिज्ञा. मीही त्याच प्रतिज्ञेवर आईचे फोटो काढत होते. पण अल्बमनं लपवलं म्हणजे खोटेपणाच केला असं कुठे आहे? कधी कधी आईनंच सांगितलेलं असतं, हे नको.

*

लॅरी सुल्तान या कॅलिफोर्नियातल्या फोटोग्राफरनं १९८०च्या दशकात जवळपास दहा वर्षं आपल्या आईवडिलांचे फोटो काढले. १९९२ साली त्यांचं ‘पिक्चर्स फ्रॉम होम’ हे पुस्तक झालं. वडील अर्विंग ब्रुकलिनहून कॅलिफोर्नियाला आलेले, रेझर-ब्लेडची विक्री करत करत शिक कंपनीत विक्री विभागाचे उपाध्यक्ष झालेले, आणि मग वेळेआधी निवृत्त व्हावं लागलेले. बाहेर रेगन यांचा काळ. कुटुंब, घर, यश यांचा सरकारी उत्सव चालू होता. सुल्तानला त्या उत्सवामागचं घर दाखवायचं होतं. हिरव्या गालिच्यावर टीव्हीपुढे उभे राहून गोल्फच्या काठीचा सराव करणारे वडील, हिरव्या भिंतीला टेकून उभी आई, अशा चित्रांत ते घर दिसतं : सुबत्ता आहे, ऊनही आहे आणि कुठेतरी काहीतरी हुकलंय.

एका फोटोत वडील सूट घालून पलंगाच्या कडेला बसलेत. कुठे जायची तयारी झालीय, पण जायला ठिकाण नाही असा चेहरा. फोटोग्राफीच्या वर्गांत हा फोटो हमखास दाखवतात, नोकरी गेलेल्या पुरुषाचं चित्र म्हणून. वडिलांना तो मान्य नव्हता. तूच मला हसू नका म्हणालास, असं त्यांचं म्हणणं. पलंगावर बसलेला तो खिन्न माणूस मी नाही, तो तू आहेस. तुझ्या कामाला मदत करायला माझी हरकत नाही, पण लोकांना हे सांग.

आणि सुल्ताननं ते सांगितलं. पुस्तकात फोटोंच्या सोबत वडिलांची तक्रार छापलेली आहे, आईचीही आहे. शेजारी घरच्या जुन्या फिल्ममधली दृश्यं, म्हणजे आईवडिलांनी स्वतःबद्दल स्वतः केलेलं चित्रण. वाचक कोणाचं खरं मानायचं ते ठरवू शकतो. सुल्ताननं स्वतःबद्दलही कबुली दिलीय, की समाजशास्त्र वगैरे ठीक आहे, पण खाली बघितलं तर आईवडील कायम असावेत एवढीच इच्छा सापडते. २००९ साली तो गेला. २०२३ मध्ये या पुस्तकावरून बेतलेलं नाटक ब्रॉडवेवर आलं. ते नाटक होऊ शकलं याचं कारण पुस्तकातच दोन पात्रं भांडत होती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थोडी असूया वाटली. अर्विंग भांडू शकत होते. त्यांच्याकडे सगळे शब्द होते, शिवाय आयुष्यभर माल विकणाऱ्या माणसाचं वक्तृत्व.

*

इंग्लंडच्या रिचर्ड बिलिंगहॅमची गोष्ट याच्या उलट्या टोकाची. बर्मिंगहॅमजवळ सरकारी इमारतीतलं घर, वडील रे बेकार आणि अखंड दारूत, आई लिझ दांडगी आणि रागीट. मुलगा चित्रकला शिकत होता. वडील मॉडेल म्हणून स्थिर बसेनात, म्हणून चित्रांसाठी संदर्भ हवेत या हेतूनं त्यानं स्वस्तातल्या फिल्मवर फोटो काढले. शिक्षकांच्या नजरेस ते पडले आणि चित्रं मागे राहून फोटोच पुढे आले. १९९६ साली झुरिकच्या स्कालो प्रकाशनानं ‘रेज अ लाफ’ हे पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीतल्या गाजलेल्या ‘सेन्सेशन’ प्रदर्शनात ते फोटो लागले आणि सिटीबँकचं फोटोग्राफी पारितोषिकही त्याला मिळालं. आता गॅलरीतली माणसं वाइनचा ग्लास हातात धरून रेला संडासाशेजारी कोसळलेला बघत होती.

या फोटोंत कुठेही तिरस्कार नाही, असं मला आजही वाटतं. मुलगा बघतोय, बाहेरचा कोणी नाही, हे दिसतं. पण भिंतीवर गेल्यावर ‘मुलगा बघतोय’ ही गोष्ट फोटोबरोबर जात नाही. तिथे उरते ती गरिबी आणि ती बघायला आलेले लोक. बिलिंगहॅम अनेक वर्षांनी या घराकडे पुन्हा आला. आईवडील दोघंही गेल्यानंतर, २०१८ साली, त्यानं ‘रे अँड लिझ’ हा चित्रपट केला. त्यात नट आहेत, घर उभं केलेलं आहे आणि या वेळी त्याला घाई नाही. फोटोंत जी माणसं एका झटक्यात पकडली गेली होती, त्यांच्याजवळ तो चित्रपटात नुसता बसून राहतो. मला तो चित्रपट म्हणजे बावीस वर्षांनी केलेली दुरुस्ती वाटतो.

*

ज्या स्कालोनं रेचे फोटो छापले, त्याच स्कालोनं २००१ साली दिल्लीच्या एका व्यक्तीचं पुस्तक काढलं : दयानिता सिंग यांचं ‘मायसेल्फ मोना अहमद’.

दयानिता सिंग यांचा जन्म १९६१चा. त्या अहमदाबादच्या एनआयडीत आणि मग न्यूयॉर्कला शिकल्या. त्यांची आई नोनी सिंग स्वतः हौशी फोटोग्राफर, मुलींना पुन्हा पुन्हा उभं करून फोटो काढणारी. म्हणजे कॅमेऱ्यासमोर ताटकळणं काय असतं हे दयानितांना लहानपणापासून ठाऊक. १९८९ साली त्या लंडनच्या एका वर्तमानपत्रासाठी दिल्लीतल्या हिजड्यांवर काम करत होत्या, तेव्हा तुर्कमान गेटच्या वस्तीत मोना भेटल्या. गप्पा झाल्या, फोटो झाले. मग हे फोटो लंडनला छापून येणार हे मोनांना कळलं. त्यांचे नातेवाईक लंडनमध्ये होते. त्यांनी रोल परत मागितला. दयानितांनी तो देऊन टाकला.

नव्या फोटोग्राफरसाठी याचा अर्थ काय ते मला चांगलं कळतं. परदेशी वर्तमानपत्राचं काम, तेही हातात आलेलं. पण रोल परत दिला आणि मैत्री सुरू झाली. मोनांनी आयेशा नावाची मुलगी दत्तक घेतली आणि तिच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो काढायला दयानितांना बोलावलं. लक्षात घ्या, मोनांनी बोलावलं. आमच्या आजीच्या भाषेत, मोनांनी फोटो काढून घेतले. पुढे ती मुलगी त्यांच्यापासून हिरावली गेली, समाजाशी आणि गुरूशी बिनसलं, दारू वाढली, आणि मोना दिल्लीतल्या एका कब्रस्तानात जाऊन राहू लागल्या, जिथे त्यांच्या पूर्वजांच्या कबरी होत्या. तिथेच त्यांनी घर बांधलं, प्राणी पाळले. दयानिता तिथेही जात राहिल्या.

पुस्तक करायचं ठरलं तेव्हा मजकूर कोण लिहिणार, हा प्रश्न आला. हिजड्यांवर लिहिणारे अभ्यासक तेव्हाही पुष्कळ होते. पण पुस्तकातला मजकूर आहे तो मोनांचा : स्कालोच्या वॉल्टर केलर यांना त्यांनी पाठवलेल्या ई-मेल. प्रकाशक झुरिकमध्ये, लेखिका कब्रस्तानात. त्यात त्या स्वतःची गोष्ट स्वतःच्या तऱ्हेनं सांगतात, लोक आपल्याला कुठल्या नावानं हाक मारतात याबद्दलची नाराजीही सांगतात. पुस्तकाचं नावच ‘मायसेल्फ’नं सुरू होतं.

ही मैत्री २०१७ मध्ये मोनांच्या निधनापर्यंत टिकली. २०२२ साली दयानितांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, फोटोग्राफीतला जगातला एक मोठा सन्मान. त्यांनी मधल्या काळात खूप काही केलं, वर्तमानपत्री काम सोडलं, पुस्तकांची आणि फिरत्या संग्रहालयांची नवी रूपं काढली. तरी मला त्या सगळ्याच्या मुळाशी तो परत दिलेला रोल दिसतो.

यातही माझी अडचण सुटत नव्हती. मोना ‘नको’ म्हणाल्या तेव्हा त्याचा अर्थ ‘नको’ होता.

*

सोहराब हुराची दोन पुस्तकं मी मित्राकडून मागून आणली आणि एक महिना परत दिली नाहीत.

सोहराबचा जन्म १९८१चा. १९९९ साली, तो सतरा वर्षांचा असताना, त्याच्या आईला तीव्र स्वरूपाचा पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. वडील वेगळे राहत होते. घराचं दार बाहेरच्यांना बंद झालं. मुलगा अर्थशास्त्र शिकला, मग कॅमेरा घेऊन घरापासून लांब लांब फिरू लागला आणि बऱ्याच उशिरा तो कॅमेरा त्यानं घरात वळवला. २०१५ साली ‘लाइफ इज एल्सव्हेअर’ आलं, त्यानं स्वतःच छापलेलं. काळ्या-पांढऱ्या, कचकचीत कॉन्ट्रास्टच्या फोटोंत पोपडे आलेल्या भिंती, विस्कटलेली अंथरुणं, आई आणि तिची कुत्री एल्सा. मध्ये मध्ये डायरीसारखी टिपणं. त्यात आजाराइतकाच मुलाचा राग आणि लाज आहे. आपण घर सोडून पळत होतो हे तो लपवत नाही.

२०१८ साली दुसरं पुस्तक आलं, ‘लुक इट्स गेटिंग सनी आउटसाइड!!!’ तेच घर, तीच आई, तीच एल्सा. पण आता रंग आहेत. आई सावरतेय. ती हसते, चिडते, कुत्रीशी खेळते. आधीच्या पुस्तकात ती आजाराच्या अंधारात होती आणि मुलगा दाराशी उभा होता. इथे ती फोटोत आपण होऊन आलेली वाटते. शीर्षकातली तीन उद्गारचिन्हं मला फार आवडतात. कोणीतरी खिडकी उघडून मोठ्यानं हाक मारावी तशी आहेत.

ही दोन पुस्तकं एकत्र बघताना मला एक गोष्ट कळली. पहिलं पुस्तक एकटंच राहिलं असतं तर सोहराबची आई कायमची त्या पोपडे आलेल्या भिंतीपाशी अडकली असती. त्यानं अजून काही वर्षं थांबून, पुन्हा बघून, तिला तिथून बाहेर काढलं. म्हणजे विचारणं हे एकदाच, फोटोच्या आधी होतं असं नाही. माणूस आहे तोवर ते चालू राहू शकतं. आज हो म्हटलं, उद्या नको म्हटलं, परवा वेगळी दिसली. फोटोग्राफरनं त्या सगळ्याला जागा ठेवायची.

मला ती सवड मिळाली नाही, असं मी काही दिवस स्वतःला सांगत होते. पण दीड वर्ष म्हणजे काही कमी नाही. सातशे फोटोंपैकी एकही मी आईला दाखवला नव्हता. ती बोलू शकत नव्हती, बघू तर शकत होती. फोटो समोर धरला असता तर तिनं तो डाव्या हातानं उलटा तरी घातला असता, नाहीतर जवळ ओढला असता. चहाच्या कपाचं कळत होतं, तेवढं फोटोचंही कळलं असतं. मला ते सुचलं नाही, कारण मला तिचं मत हवं होतं की नाही हीच शंका आहे.

*

कोणी हा प्रश्न कॅमेराच दुसऱ्याच्या हातात देऊन सोडवला. लाटोया रुबी फ्रेझियर ही अमेरिकेतल्या ब्रॅडॉक गावची. अँड्र्यू कार्नेगीचा पोलाद कारखाना याच गावात उभा राहिला आणि पोलादाचा धंदा बसल्यावर गावही बसलं. तिनं २००१ पासून आजी, आई आणि स्वतः अशा तीन पिढ्यांचे फोटो काढले. २०१४ साली ‘द नोशन ऑफ फॅमिली’ हे पुस्तक आलं. यातले काही फोटो आईनं काढलेत, काही दोघींनी मिळून ठरवलेत, आणि आई फोटोंची सहकर्ती आहे असं लाटोया स्वच्छ सांगते. आजारपण इथेही आहे. आजीला कॅन्सर, आईला कॅन्सर, लाटोयाला ल्युपस. गावातलं इस्पितळ २०१० साली बंद झालं. त्यामुळे घरातला आजार हा गावाचाही आजार म्हणून समोर येतो. त्यात दोघी एकमेकींकडे बघतायत, म्हणून आपल्याला चोरून बघितल्यासारखं होत नाही.

आणि हे नातं घरातलंच असायला हवं असंही नाही. आपल्या पालघर जिल्ह्यात जव्हारला बोहाडा होतो, देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं नाचवतात. त्यासाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे बनवणारे कलाकार तिथे आहेत. गौरी गिल या दिल्लीच्या फोटोग्राफरनं २०१५च्या सुमारास त्यांच्यापैकी सुभाष आणि भगवान धर्मा कडू या भावांना आणि त्यांच्या साथीदारांना विचारलं : देवांचे नकोत, आजच्या जगण्यातले मुखवटे कराल का? मग माणसांचे, प्राण्यांचे, वस्तूंचे मुखवटे तयार झाले आणि गावातल्या लोकांनी ते घालून रोजच्या कामांचे प्रसंग उभे केले. दवाखाना, दुकान, घराची ओसरी. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ ही ती मालिका. आदिवासी म्हटलं की सुरकुतलेला चेहरा आणि खोल डोळे असे फोटो आपण कॅलेंडरांवर पुष्कळ बघितलेत. इथे चेहरा बघायला मिळतच नाही. काय दाखवायचं ते मुखवटा घालणारा ठरवतो. बाहेरून आलेल्या बाईला गावानं आपला फोटो काढून घ्यायला लावलाय.

याच गौरी गिल १९९९ पासून राजस्थानच्या वाळवंटात एकाच भागात जात राहिल्या. त्या कामाला २०२३ साली प्री पिक्टे पारितोषिक मिळालं. तिथल्या कसुंबी नावाच्या दाईनं त्यांना स्वतः बोलावलं, की बाळंतपण होतंय, ये, फोटो काढ. त्यांनी काढलेले ते फोटो मी बघितलेत. इतकी उघडी, इतकी खाजगी घटना, आणि तरी बघताना नजर चोरावीशी वाटत नाही. अल्बमचे नियम मोडलेत, पण ते मोडायचं ठरवणारी आतली बाई आहे.

या सगळ्यांतून मला सरसकट नियम सापडला नाही. घरच्यांची परवानगी लेखी घ्या, असं म्हणण्यानं काही होणार नाही. प्रेमात आणि आजारात सही कशी मागायची? पण एक खूण सापडली. जे काम टिकलंय असं मला वाटतं, त्यात समोरच्या माणसाच्या ‘नको’नं कामाचा आकार बदललाय. अर्विंग सुल्तान यांच्या तक्रारीमुळे पुस्तकात दुसरा आवाज आला. मोना अहमद यांनी रोल परत मागितला म्हणून बारा वर्षांनी त्यांच्याच शब्दांतलं पुस्तक झालं. सोहराबच्या आईचं सावरणं बघून पहिल्या पुस्तकाला दुसऱ्यानं उत्तर दिलं. माझ्या अकरा फोटोंत आईच्या ‘नको’नं काहीच बदललं नव्हतं. ते मी ऐकून सोडून दिलं होतं, बाहेर पाऊस ऐकावा तसं.

*

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी सांगलीला गेले, ते अकरा प्रिंट घेऊन. मावशीला म्हटलं, तूच सांग यांचं काय करायचं. आईच्या वतीनं ती बोलू शकत नाही, हे मलाही कळत होतं. पण आईला माझ्याहून पंचवीसेक वर्षं जास्त ओळखणारी तीच होती.

मावशीनं चष्मा पुसला आणि प्रिंट सतरंजीवर मांडले. मग त्यातले उचलून एका बाजूला ठेवू लागली. टॉवेलचा पहिला गेला. गाऊनमधले दोन्ही गेले. “ताईला गाऊन कधी आवडला नाही. घातला तो तुमच्या सोयीसाठी.” हे खरं होतं. “हा राहू दे,” खिडकीतून बाहेर बघतानाच्या फोटोवर ती म्हणाली, “यात तिचं लक्षच नाहीये तुझ्याकडे.” मी तिला सांगितलं, की हा फोटो मी चौकटीत बसत नाही म्हणून लावायचाच नाही म्हणत होते. ती काही बोलली नाही.

शेवटचा होता तो मला सगळ्यात जास्त खुपणारा. आईनं डावा हात लेन्सकडे केलाय, तळवा अर्ध्या चौकटीवर धूसर पसरलाय आणि त्यामागे तिचा चेहरा आहे, चिडलेला. प्रदर्शनात लोकांनी याचंच सर्वांत जास्त कौतुक केलं होतं. मावशीनं तो बराच वेळ हातात धरला. मला वाटलं, हाही बाजूला जाणार.

“याची एक कॉपी मला दे,” ती म्हणाली. “लहानपणी मी तिच्या वस्तूंना हात लावला की अशीच बघायची.”

मी म्हटलं, फ्रेम करून देते.

“छे गं. भिंतीवर कुठे लावायचाय? माझ्या कपाटात ठेवीन.”

मी तोच प्रिंट तिला देऊन टाकला. तिनं तो वर्तमानपत्रात गुंडाळला, साड्यांच्या खाली ठेवला आणि चहा टाकायला उठली. बाजूला काढलेले सात मी परत आणलेत. ते सध्या माझ्या टेबलाच्या खणात, पालथे ठेवलेले आहेत.